कपाट नको, वही घ्या

घरात हजार-दीड हजार तबकड्या साठल्या की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो कपाटाचा. माझे मत असे की कपाटाचा विचार अगदी शेवटी करावा. बहुतेक वेळा तोपर्यंत त्याची गरजच उरत नाही. आधी वही घ्यावी, मग पाकिटे, मग खोकी. लिहायला बसले तेव्हा हे एका वाक्यात संपेल असे वाटले होते. पण मास्तरीण चाळीस मिनिटांखाली काही सांगू शकत नाही, हे माझ्या भाच्यांना माहीत आहेच.

तबकड्या म्हणजे सगळ्याच. ग्रामोफोनच्या काळ्या रेकॉर्डी, सीड्या, व्हीसीड्या, डीव्हीड्या आणि पोरांनी घरीच भरून दिलेल्या त्या चकाकत्या कोऱ्या चकत्या. आमच्या सांगलीच्या घरात या सगळ्या मिळून १,६४० निघाल्या. रेकॉर्डी १४०, गाण्यांच्या सीड्या ५२०, व्हीसीड्या ४३०, डीव्हीड्या २९० आणि घरी भरलेल्या २६०. हा आकडा ऐकून सूनबाईंनी कपाळाला हात लावला. पण आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत असेच असणार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात 'सीतास्वयंवर' उभे केले. नाटक आणि गाणे आमच्याकडे पाण्यातूनच येते. त्यात २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. पूर्वी भाजीबरोबर कोथिंबीर घ्यायचो तशी मग किराण्याबरोबर नाटकाची व्हीसीडी येऊ लागली. स्वस्त झाले म्हणून साठले. आणि साठले म्हणून आता नकोसे झाले, ही त्यातली गंमत!

नकोसे झाले याचे कारण उघड आहे. नव्या संगणकांत तबकडी घालायला खाचच नसते. गाणे हवे तर फोनवर मिळते. मग हा पसारा कशाला, असे घरातली तरुण मंडळी विचारतात आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र 'सगळे टाका' आणि 'सगळे ठेवा' ही दोन्ही उत्तरे आळशी माणसाची आहेत. काय आहे तेच माहीत नसेल तर काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे ठरवणार कसे? म्हणून आधी वही.

आता वहीचे सांगते. 

शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक थोर चीज असते. मूल शाळेत दाखल झाले की त्याला त्यात एक क्रमांक मिळतो. मूल हुशार की मठ्ठ, कुठल्या पेठेतले, कुठल्या तुकडीत जाणार, याचा त्या क्रमांकाशी काही संबंध नाही. आले त्या क्रमाने क्रमांक. ते मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. पन्नास वर्षांनी दाखला मागायला कोणी आले तरी कारकून दोन मिनिटांत पान काढून देतो. शाळेच्या ग्रंथालयातला दाखल क्रमांक हाही तसाच.

तबकड्यांना मी हीच पद्धत लावावी म्हणते. हाताला येईल ती उचलावी, पुढचा क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमाने खोक्यात उभी करावी. शास्त्रीय एकीकडे, नाट्यगीते दुसरीकडे, सिनेमा तिसरीकडे असे कप्पे करू नयेत. ही सूचना ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. पण विचार करा. एका सीडीवर चार नाट्यगीते आणि चार अभंग असतील तर ती कुठल्या कप्प्यात? एका एमपीथ्री चकतीवर दीडशे गाणी मावतात, ती कुठे ठेवणार? आणि नाट्यगीतांचा कप्पा भरला, मग एक नवीन सीडी आली, की पुढचे सगळे कप्पे सरकवा. कप्पे करणारा माणूस पहिल्या महिन्यात खूष असतो आणि सहाव्या महिन्यात कंटाळतो. क्रमांकाने लावले की नवीन तबकडी नेहमी शेवटी जाते. काहीही सरकवावे लागत नाही.

विषय मग कुठे शोधायचा? वहीत. तबकडीची जागा एकच असू शकते, पण वहीत तिचे नाव चार ठिकाणी लिहिता येते. गायकाच्या पानावर, नाटकाच्या पानावर, संगीतकाराच्या पानावर... पुढच्या अर्ध्या वहीत क्रमांकवार नोंदी आणि मागच्या अर्ध्या वहीत अक्षरवार पाने, एवढीच मांडणी पुरते. 'गीतरामायण' घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाजलेली ही ५६ गीते आमच्याकडे सलग संचातही आहेत आणि सुटी सुटीही आहेत. कोणते गीत कोणत्या तबकडीवर, हे मागच्या एका पानावर उतरवून ठेवले की रामनवमीला शोधाशोध होत नाही.

नावे कशी लिहायची हाही एक प्रश्न आहे. ग्रंथालयशास्त्र सांगते, आडनाव आधी. पुस्तकांना ते ठीक. पण गाणाऱ्यांच्या बाबतीत तो नियम घरात चालत नाही. कुमार गंधर्वांचे आडनाव कोमकळी, बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस आणि सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. 'रा' खाली बालगंधर्व कोण शोधणार? म्हणून घरात ज्या नावाने हाक पडते ते नाव लिहावे. भीमसेन 'भ' खाली, लता 'ल' खाली, कुमार 'क' खाली. एकदा ठरवले ते मात्र बदलू नये. भाची हीच यादी संगणकावर चढवते आहे, तेव्हा तिलाही मी बजावले आहे की एकच नाव एकदा 'भीमसेन जोशी' आणि एकदा 'पं. जोशी' असे लिहिलेस तर संगणक त्यांना दोन माणसे समजेल. संगणक आमच्या नापास मुलांपेक्षा शब्दाला शब्द धरणारा असतो.

क्रमांकांच्या मालिका तीनच ठेवाव्यात. रेकॉर्डी आकाराने मोठ्या, म्हणून त्यांची 'रे' मालिका. विकत घेतलेल्या सगळ्या छोट्या तबकड्यांची 'त' मालिका, मग ती सीडी असो की डीव्हीडी. बाजारातून आलेल्या एमपीथ्री चकत्याही यातच. आणि घरच्या चित्रणांची 'घ' मालिका. 'घ' वेगळी का, ते पुढे सांगते, कारण खरे तर तोच या लेखाचा गाभा आहे.

त्याआधी जागेचा हिशोब. सीडीची जी कडक प्लॅस्टिकची डबी असते ती सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. डीव्हीडीची डबी जवळजवळ दीड सेंटिमीटर. आत तबकडी केवढी? १.२ मिलिमीटर! म्हणजे कपाटात आपण तबकड्या ठेवतच नाही, हवा ठेवतो. शंभर सीड्यांना डबीसकट एक मीटर फळी लागते. त्याच शंभर सीड्या कागदी पाकिटात, आतल्या माहितीच्या कागदासकट ठेवल्या तर पंचवीस सेंटिमीटरात मावतात. सुताराने मला भिंतभर कपाटाचा २८,००० रुपये आकडा सांगितला होता. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे मी हवेसाठी देणार होते.

त्याऐवजी काय केले ते मांडते. आधी निवड. दोन चकत्यांत कोंबलेले जे हिंदी सिनेमे आज कुठेही याहून स्वच्छ दिसतात, त्या ३४० व्हीसीड्या बाद केल्या. व्हीसीडीचे चित्रच मुळात ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आजच्या मोठ्या पडद्यावर ते बघवत नाही. शाळेत मोडक्या बाकांचे निर्लेखन करतात तसे यांचेही रीतसर केले. वहीत नोंद ठेवली, 'बाद' लिहिले, तारीख टाकली. मराठी नाटकांच्या व्हीसीड्या मात्र एकही काढली नाही. चित्र फिके असले तरी त्यातले कित्येक प्रयोग दुसरीकडे मिळत नाहीत.

उरल्या ९०० विकतच्या तबकड्या. त्यांच्यासाठी एका बाजूला खिडकी असलेली हजार कागदी पाकिटे घेतली, घाऊक भावात १,२०० रुपयांना. मोठे रजिस्टर १८० चे. तबकडीवर लिहायची दोन पेने १२० ची. आणि बेदाण्याची सहा कोरी खोकी, पंचवीस रुपयांना एक, म्हणजे १५०. आमच्या भागात बेदाण्याच्या खोक्यांना तोटा नाही. पण कोरीच घ्या, वापरलेल्यात गोडव्यामागे मुंग्या येतात. एकूण १,६५० रुपये. मुळातल्या संग्रहाच्या हिशोबाने तबकडीमागे एक रुपया पडला म्हणा ना. एका खोक्यात दोन रांगांत सव्वादोनशे पाकिटे सैलसर उभी राहतात. चार खोक्यांत ९०० झाली, पाचव्यात एमपीथ्रीच्या चकत्या आणि सहावे पुढे येणाऱ्यांसाठी.

ज्यांच्याकडे दीड-दोनशेच तबकड्या आहेत त्यांना बुटाचे एक खोकेही पुरेल. पुरुषांच्या बुटांचे घ्या. बायकांच्या चपलांचे उथळ असते, त्यात पाकीट उभे राहत नाही.

उभे! हा शब्द अधोरेखित करायला हवा. तबकडी नेहमी उभी ठेवायची, ताटाळ्यातल्या ताटासारखी. एकावर एक आडव्या रचल्या तर खालची हवी असताना वरच्या सगळ्या उपसाव्या लागतात, त्या एकमेकींवर घासतात आणि वजनाने वाकतात. रेकॉर्डींच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. रेकॉर्डी जड असतात. एक फूट रुंदीत सत्तर-ऐंशी मावतात आणि ते ओझे तांदळाच्या लहान पोत्याएवढे होते. म्हणून त्या खोक्यात नकोत. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचे जे लाकडी पुस्तकांचे कपाट आहे त्याच्या मधल्या कप्प्यात त्या उभ्या आहेत. दर फूटभराला पुठ्ठ्याचा आडोसा आहे, म्हणजे त्या एका बाजूला कलंडत नाहीत. ७८ च्या लाखी रेकॉर्डी पडल्या की काचेसारख्या फुटतात. नंतरच्या एल.पी. फुटत नाहीत, पण उन्हाने पापडासारख्या वाकतात. त्यांच्यावरचे मऊ प्लॅस्टिकचे आवरणही कालांतराने चिकट होते, ते काढून साधा कागद घालावा.

कपाट कोणत्या उंचीवर असावे, याचे आमच्या गावाने दिलेले उत्तर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. खालच्या कप्प्यांत जे होते ते सगळ्यांचेच भिजले. म्हणून खाली नको. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, म्हणून अगदी वरही नको. कमरेच्या वर आणि डोक्याच्या खाली, बाहेरच्या भिंतीला न लागता, ऊन येत नाही अशा जागी. डांबरगोळ्या त्यांच्याजवळ टाकू नका, त्यांचा वास प्लॅस्टिकला सोसत नाही. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे ठेवा, ते आपल्या आज्यांनाही माहीत होते.

त्याच पुरातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. आमच्या ओळखीच्या एका घरात तबकड्यांचे मोठे दोन खण पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर आम्ही चौघीजणी तिकडे धुवायला गेलो. गाळ सुकू न देता स्वच्छ पाण्याखाली धरायच्या, घासायचे नाही, साबणाचा एखादा थेंब, आणि मग ताटाळ्यात सावलीत उभ्या करायच्या. पुसायचे झालेच तर मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे, गोल गोल नाही. तबकड्या पाण्याने मरत नाहीत हे तेव्हा कळले. विकतच्या बहुतेक सगळ्या पुन्हा वाजल्या. वेष्टणांचे आणि आतल्या कागदांचे मात्र लगदे झाले होते.

आणि घरी भरलेल्या सुमारे दोनशे? त्यांची नावे फक्त वेष्टणावर लिहिलेली होती. तबकडीवर काही नाही. धुऊन, वाळवून आमच्यासमोर दोनशे एकसारख्या चकाकत्या चकत्या होत्या आणि कोणती कोणाच्या लग्नाची, कोणती कोणाच्या कीर्तनाची, कोणाला सांगता येईना. त्या बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा आवाज यातल्या एकीत आहे. कुठल्या ते देवाला ठाऊक." यादी केलेली नव्हती. एक एक लावून बघणे हाच मार्ग होता, आणि त्यातल्या काही चालतही नव्हत्या.

म्हणून मी म्हणते, तबकडीने आपले नाव स्वतः सांगितले पाहिजे. हे नवीन नाही बरं का! नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे पहिल्यांदा मुद्रित झाले, तेव्हा रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गाणे संपल्यावर गायिका आपले नाव इंग्रजीत सांगत, असे जाणकार सांगतात. गाण्यालाच नाव चिकटवून टाकले की वेष्टण हरवले तरी बिघडत नाही. आपण तेवढे नाही तरी मधल्या भोकाभोवती जे पारदर्शक वर्तुळ असते तिथे क्रमांक घालू शकतो. तिथे मजकूर साठवलेला नसतो, त्यामुळे धोका नाही. चिकटपट्टी किंवा गोल लेबल लावू नका. ते फुगते, सुटते आणि तबकडी फिरताना डगमगते. क्रमांक तबकडीवर, क्रमांक पाकिटावर आणि तपशील वहीत. आणि वही तबकड्यांच्या कपाटात नव्हे तर दुसऱ्या खोलीत, शक्यतो वरच्या मजल्यावर. शिवाय वहीची झेरॉक्स गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे.

आता 'घ' मालिका. इथे माझे मत जरा आग्रही आहे.

लोक आपल्या संग्रहातले काय जपतात ते पाहा. सोनेरी अक्षरांचा, पेटीत घातलेला महागडा संच दर्शनी ठेवतात. आणि मुलीच्या बारशाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची, आजीने म्हटलेल्या ओव्यांची चकती टीव्हीखालच्या खणात विजेच्या बिलांबरोबर पडलेली असते. खरे तर उलटे हवे. विकतच्या संचाच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. आपला गेला तरी तो कुठेतरी, कोणाकडे तरी असतोच. घरच्या चकतीची दुसरी प्रत जगात नसते. त्यातून ती जास्त नाजूकही असते. विकतच्या सीडीत मजकूर साच्याने दाबून उमटवलेला असतो. घरी भरलेल्या चकतीत तो एका रंगाच्या थरात लेसरने उमटवलेला असतो आणि तो रंग ऊन आणि उष्णतेने विटतो, आपल्या साड्यांच्या रंगासारखाच. म्हणजे जी एकुलती एक आहे तीच आधी जाणार!

म्हणून कडक डब्यांतून विकतच्या तबकड्या बाहेर काढा आणि त्या डब्या घरच्या चकत्यांना द्या. डबीत तबकडी मध्यावर अडकून राहते, तिच्या अंगाला काही घासत नाही. आणखी एक. खालची चकाकती बाजू जपावी असे सगळ्यांना वाटते, पण सीडीची वरची बाजू अधिक हळवी असते. मजकुराचा थर वरच्या लेपाच्या अगदी लगेच खाली असतो, तिथे बॉलपेनने दाबून लिहिले तर थेट मजकुरावर घाव. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो. लिहायचे ते मऊ टोकाच्या पेनानेच.

आमच्या २६० घरी भरलेल्या चकत्यांपैकी १७० बाजारी एमपीथ्रीच्या निघाल्या. त्या 'त' मध्ये गेल्या. राहिल्या ९०. या नव्वदांचे काय करायचे, तर फक्त नीट ठेवून भागणार नाही, त्यांची नक्कल केलीच पाहिजे. संगणकाला बाहेरून जोडायचा तबकडी-वाचक मिळतो, तो नात्यात एकाने घेतला तरी सगळ्यांना पुरतो. एका सीडीवर जास्तीत जास्त ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावते. नव्वदच्या नव्वद डीव्हीड्या गच्च भरलेल्या धरल्या तरी ४२३ जीबी होतात. आजच्या एका साध्या हार्ड डिस्कमध्ये अर्धी जागा शिल्लक राहील. पण हार्ड डिस्क दोन हव्यात आणि दुसरी दुसऱ्या गावात हवी. आमची दुसरी पुण्यात भाचीकडे आहे. कृष्णा काही कात्रजचा घाट चढून जाणार नाही!

कोणी म्हणेल, मग विकतच्या तबकड्या तरी कशाला ठेवता, सगळे फोनवर असताना? याला माझे दोन मुद्दे. फोनवरचे गाणे आपले नसते. आज दिसते, उद्या देणाऱ्याने काढून घेतले की नाहीसे होते. दुसरे, तबलजी कोण, पेटीवर कोण, बैठक कुठली, हे फोनवर बहुधा लिहिलेले नसते. ते तबकडीच्या आतल्या कागदावर असते. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था रेकॉर्डींबरोबर त्यांच्या याद्या आणि माहिती छापण्याचे काम इतकी वर्षे करत आली, ते उगीच नाही. गाणे ऐकू आले पण कोण वाजवते आहे ते माहीत नसले, तर साथीदाराचे आयुष्य पुसले गेले असे मला वाटते. म्हणून डब्या फेका, पण आतला कागद फेकू नका.

साठवणे मात्र ऐकण्यासाठी. डॉ. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपण्याआधी ते वापरात असले पाहिजे, असा त्यातल्या पहिल्याचा आशय आहे. तबकडीलाही तेच लागू. वहीत 'कोणाकडे' आणि 'तारीख' असे दोन रकाने ठेवले की निर्धास्तपणे देता येते. देताना समोरच्याची सही घेते, शाळेतल्यासारखी. हसतात, पण आणून देतात. न देणारे संग्राहक मी पाहिले आहेत. काचेआड सगळे झकपक, आणि त्यांच्या माघारी आठ दिवसांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर. घरच्यांचा तरी काय दोष? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की यात काय आहे. हजार तबकड्यांपुढे उभा राहिलेला माणूस घाबरतो आणि हजार टाकतो. वही हातात असेल तर तो पाने उलटतो आणि निदान दहा ठेवतो.

त्या दहांसाठी हा सगळा उद्योग आहे. सत्तरी उलटल्यावर माणसाने आशा बेताचीच ठेवावी.

म्हणून वहीत मी आता एक शेवटचा रकाना आखला आहे, 'पुढे कोणाकडे'. नाटके कोणाला हवीत, रेकॉर्डी कोण सांभाळेल, घरच्या चित्रणांत कोण कोण दिसते आणि त्यांची मूळ चकती कोणाकडे जावी, हे मी असतानाच ठरावे. रेकॉर्डी कोणाला नको असतील तर एखाद्या संगीत विद्यालयाला विचारू, पण यादीसकट. यादीविना दिलेली देणगी म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेले ओझे.

तेव्हा नात्यातल्या सर्वांना आणि इथे नेहमी येणाऱ्या मंडळींना एवढेच सांगणे. कपाट बघायला दुकानात जाऊ नका. रविवारी एक रजिस्टर आणा आणि पहिल्या बैठकीत वीसच तबकड्या चढवा. सुरुवात घरच्या चकत्यांपासून करा. वीस झाल्या की उठा, चहा घ्या आणि त्यातली एक लावून ऐका. रोज वीस म्हटल्या तरी दोन महिन्यांत बाराशे होतात.

आमच्या वहीत 'घ' मालिकेत अजून सतरा ओळी अशा आहेत, ज्यांच्यापुढे मी 'कोण?' एवढेच लिहिले आहे. दिवाळीला याल तेव्हा त्या सतराही लावणार आहे. चष्मे घेऊन या.